दूरध्वनी-संभाषणाचे श्रवण आणि १९९६ चा निवाडा : एक चिकित्सा

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निवाडा नागरी स्वातंत्र्याच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. राजकीय पुढाऱ्यांचे दूरध्वनी चोरून ऐकले जात असल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अहवालातून उघड झाल्यावर ही याचिका दाखल झाली होती. दूरध्वनीवरील संभाषणाला घटनेच्या कलम २१ चे संरक्षण आहे, हे न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले, त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. निवाड्याचे हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु हक्क मान्य करणे वेगळे आणि त्याची राखण कोणी करावी हे ठरविणे वेगळे. संभाषण ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची अनुमती घ्यावी, हा याचिकाकर्त्यांचा आग्रह न्यायालयाने स्वीकारला नाही. १८८५ च्या तार अधिनियमात तशी तरतूद नाही, हे त्याचे कारण. त्याऐवजी आदेश गृह सचिवाने काढावा आणि मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव व दूरसंचार सचिव यांच्या समितीने तो दोन महिन्यांच्या आत तपासावा, अशी योजना झाली. २००७ च्या सुधारित नियम ४१९-अ मध्येही तीच चौकट कायम राहिली. आदेश काढणारा सचिव, तपासणारेही सचिवच! सत्ताविभाजनाचे तत्त्व ज्या न्यायालयाने अनेकदा उचलून धरले, त्यानेच येथे कार्यकारी मंडळाला स्वतःचा परीक्षक नेमावे, हे खटकते.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते? न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात नमूद केल्याप्रमाणे दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. बैठक सलग आठ तास चालली असे धरले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात आदेशावरील नाव वाचून होणेही कठीण. कारणांची शहानिशा दूरच राहिली.

न्यायालयीन अनुमतीमुळे तपासाला विलंब होईल, असा आक्षेप घेतला जातो. तातडीच्या प्रसंगी आधी कारवाई व लगेच नंतर अनुमती, अशी सोय करून त्याचे निराकरण होऊ शकते. १९९६ मध्ये न्यायालयासमोर इंग्लंडच्या १९८५ च्या कायद्याचा दाखला होता. त्या देशाने २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताच्या संमतीची जोड दिली.

याहून गंभीर उणीव गुप्ततेची आहे. ज्याचे संभाषण ऐकले गेले त्याला ते कधीही कळविले जात नाही. लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एकही अट तेथे पूर्ण होत नव्हती. पण हे आदेश न्यायालयापुढे येऊ शकले, ते तपास यंत्रणेने ती संभाषणे पुरावा म्हणून वापरू पाहिली म्हणून. म्हणजे दाद मागण्याची संधी मिळते ती आरोपीला. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडले नाही, त्या निरपराध माणसाला आपला हक्क डावलला गेल्याची वार्ताही लागत नाही. नियम ४१९-अ नुसार आवश्यक नसलेल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करावयाच्या होत्या. खाजगीपणाच्या रक्षणासाठी घातलेल्या या अटीनेच बेकायदा श्रवणाचा पुरावाही पुसला जात असे.

१८८५ च्या अधिनियमाची जागा आता दूरसंचार अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. त्याखालील नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायिक अनुमतीची तरतूद करण्यास संसदेला कोणतीच आडकाठी नव्हती. १९९६ मध्ये न्यायालयाला जाणवलेली कायद्यातील उणीव भरून काढण्याची हीच वेळ होती. नव्या नियमांतील केंद्रीय समितीवर मात्र पूर्वीचेच तीन सचिव आहेत.