एन्केने रंगवलेला मॉर्गन

वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात अमेरिकी बँकर जॉन पियरपॉन्ट मॉर्गनचं एक तैलचित्र आहे. फेडोर एन्के या जर्मन चित्रकाराने ते १९०३ साली रंगवलं. गडद कोट, ताठ पांढरी कॉलर, घड्याळाची साखळी, झुपकेदार मिशा. दोनच वर्षांपूर्वी या माणसाने कार्नेगीचा पोलादाचा धंदा विकत घेऊन ‘यू. एस. स्टील’ उभी केली होती; अब्ज डॉलरच्या वर भांडवल असलेली ती जगातली पहिली कंपनी. त्या पोलादाची, रेल्वेची, सौद्यांची एकही खूण एन्केने चित्रात आणली नाही. सगळा भार चेहऱ्यावर टाकला.

मॉर्गनला बैठका द्यायला सवड नव्हती, म्हणून एन्केने एडवर्ड स्टायकन या तरुण छायाचित्रकाराला त्याचा फोटो काढायला सांगितलं. स्टायकनने इमारतीच्या रखवालदाराला खुर्चीत बसवून प्रकाश आधीच जुळवून ठेवला. मॉर्गन आला, तीनेक मिनिटांत फोटोच्या दोन काचा झाल्या. पहिली एन्केसाठी, नेहमीच्या बैठकीतली. दुसरीच्या वेळी बसण्याची ढब बदलायला सांगितल्यावर मॉर्गन वैतागला, आणि तो वैताग काचेवर उतरला. खुर्चीचा चकाकणारा हात तर मुठीतल्या खंजिरासारखा दिसतो. या फोटोची प्रत मॉर्गनने फाडून टाकली. पुढे जगाने लक्षात ठेवला तो हाच फोटो, आणि एन्केचं चित्र त्याच्या सावलीत गेलं.

मला हे अन्यायाचं वाटतं. फोटोतला मॉर्गन एका क्षणाचा आहे, समोरच्यावर चिडलेला. एन्केचा मॉर्गन कुणावर चिडलेला नाही. त्याला काही सिद्ध करायचं नाही. अंधाऱ्या रंगांतून उजळलेला तो चेहरा बघत राहावं, तसा त्यातला ठामपणा अंगावर न येता मनात उतरतो. या माणसाने ‘हो’ म्हटलं की व्यवहार झाला, हे पटतं. १९१२ च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे मॉर्गनने सांगितलं की कर्ज देताना पैसा किंवा मालमत्ता नव्हे, माणसाचं चारित्र्य आधी पाहिलं जातं. तारणापेक्षा माणूस वाचणाऱ्या त्या सावकारी नजरेला शोभेल असाच चेहरा एन्केने त्याला दिला आहे.

एका ठिकाणी मात्र मी चित्रकाराच्या बाजूने नाही. त्वचेच्या विकाराने मॉर्गनचं नाक सुजून खडबडीत, लालबुंद झालं होतं. एन्केने ते गुळगुळीत केलं. त्या काळच्या चित्रकाराने गिऱ्हाइकाचा मान राखला, हे समजू शकतं. तरी बँकवाले, रेल्वेचे मालक त्याच्या शब्दावर कोट्यवधी डॉलर लावत, तेव्हा त्यांच्यासमोर ते खडबडीत नाकच होतं. त्या नाकासकट वाटणारा विश्वास रंगवण्याची ताकद या कुंचल्यात होती, म्हणूनच ही उणीव अधिक लागते.