न सांगितलेल्याचे वाचन : बॉबी जेंट्रीची गीतरचना आणि मौनाचा प्रश्न

१

कलाकृतीतील मौन हा तिच्या रचनेचा घटक असतो, की निर्मात्याने हातचे राखून ठेवलेली माहिती असते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. लोकप्रिय गीताच्या संदर्भात मात्र तो क्वचितच गांभीर्याने विचारला जातो. लोकप्रिय गीत म्हणजे सुलभ, उघड आणि एकदा ऐकून संपणारी रचना, असे गृहीत धरले गेल्यामुळे तिथे काही न सांगितलेले आढळले की त्याला कोडे समजण्याकडे श्रोत्यांचा आणि अभ्यासकांचाही कल असतो. अमेरिकी गायिका आणि गीतकार बॉबी जेंट्री हिची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९६७ साली ‘ओड टू बिली जो’ या एका गीताने ती सर्वत्र पोहोचली आणि १९८२ नंतर सार्वजनिक जीवनातून पूर्णपणे बाजूला झाली. या दोन टोकांवर दोन प्रश्न उभे करण्यात आले : गीतातील पुलावरून काय फेकले गेले, आणि ती स्वतः का निघून गेली? या दोन्ही प्रश्नांमागे वाचनाची एकच सवय आहे. या सवयीमुळे दोन टोकांमधील तिचे कर्तृत्व बराच काळ न वाचलेलेच राहिले.

२

जेंट्रीचे मूळ नाव रॉबर्टा ली स्ट्रीटर. मिसिसिपी राज्यातील चिकसॉ काउंटीत, आजी-आजोबांच्या शेतावर तिचे बालपण गेले. नातीचा कल ओळखून आजीने एक दुभती गाय देऊन शेजाऱ्याचा पियानो घेतला, ही हकीकत तिच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात येते. तेराव्या वर्षी ती कॅलिफोर्नियात आईकडे राहायला गेली. ‘रूबी जेंट्री’ या १९५२ च्या चित्रपटावरून तिने आडनाव घेतले आणि पुढे लॉस एंजेलिस येथे तत्त्वज्ञान व संगीत या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले. हे तपशील चरित्र म्हणून फारसे महत्त्वाचे नाहीत. महत्त्व आहे ते त्यांतून सूचित होणाऱ्या अंतराला. डेल्टाचा प्रदेश तिने आतून पाहिलेला आहे. पण तो लिहिला आहे बाहेरून, शहरातून, अन्य शिस्तींच्या संस्कारातून. तिच्या गीतांतील ‘मी’ ही म्हणूनच कवयित्री नसून रचलेली निवेदक आहे.

कंट्री संगीताची मान्यताप्राप्त राजधानी नॅशव्हिल. हे गीत मात्र हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाले. कंपनीने आरंभी ‘मिसिसिपी डेल्टा’ हे तिचे दुसरे गीत मुख्य बाजूस ठेवले होते. प्रत्यक्षात मागची बाजू गाजली आणि ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्सच्या गीताला बाजूस सारून ती बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पॉपच्या यादीत पहिले ठरलेले हे गीत कंट्रीच्या आणि कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज संगीताच्या यादीतही होते. ‘कंट्री पॉप’ हे नाव अशा रचनांना दिले जाते ते विक्रीच्या सोयीसाठी. समीक्षेच्या दृष्टीने एवढेच लक्षात घ्यावे की, ग्रामीण कथागीताची परंपरा येथे एका नागर, स्वतःविषयी सजग अशा लेखिकेच्या हाती आली आहे.

३

या गीताचा घाट प्रथम पाहू. पाच कडवी, स्वतंत्र ध्रुवपद नाही. पहिल्या चार कडव्यांत जूनमधील एकाच दुपारचे जेवण आहे. शेतावरून आलेले वडील, भाऊ, स्वयंपाक करून थकलेली आई आणि निवेदक मुलगी. आई बातमी सांगते की, ओळखीच्या तरुणाने टॅलहॅची नदीच्या पुलावरून उडी मारली. चवळीचे भांडे पुढे सरकवले जाते. वडील मृताविषयी एक उणा शब्द बोलतात आणि नांगरायच्या उरलेल्या जमिनीकडे वळतात. भाऊ लहानपणीची एक खोडी आठवतो आणि पाय या गोड पदार्थाची आणखी एक फोड मागतो. मृत्यू आणि जेवण यांची वाक्ये एकाच सुरात, एकमेकांत गुंतून येतात. मुलगी या संपूर्ण संभाषणात एक शब्दही बोलत नाही. तिने घासही घेतलेला नाही, हे आपल्याला आईच्या तक्रारीवरून कळते. लगेच आई सांगते की, तरुण धर्मोपदेशक येऊन गेला आणि मुलीसारखीच दिसणारी कोणी त्या तरुणाबरोबर पुलावरून काहीतरी टाकताना त्याने पाहिली.

प्रत्येक कडवे पुलापाशी संपते. ध्रुवपदाचे कार्य करणारी ही पुनरावृत्ती स्थिर मात्र नाही. पहिल्या तीन कडव्यांच्या शेवटी उडी आहे, चौथ्यात टाकलेली वस्तू आणि पाचव्यात, वर्षभरानंतर, मुलीने पाण्यात सोडलेली फुले. माणूस, वस्तू, फुले या क्रमातच गीताची गती आहे. दरम्यान भाऊ लग्न करून दूर गेला, वडील साथीच्या आजारात वारले, आईचे कशातच मन लागत नाही. आता घरात शोक करणाऱ्या दोन स्त्रिया आहेत आणि एकीचे दुःख दुसरीपर्यंत पोहोचत नाही. जिमी हॅस्केलने केलेल्या वाद्ययोजनेतील तंतुवाद्ये शेवटी खाली उतरत जातात. गिटार आणि जेंट्रीचा खर्जातला, जवळजवळ बोलण्यासारखा स्वर यांना ती भावनेची जोड देत नाहीत, केवळ पडणे ऐकवतात.

वस्तू कोणती, हे गीत सांगत नाही. अंगठी, फुले, अर्भक असे अनेक तर्क श्रोत्यांनी केले. जेंट्रीने मुलाखतींतून वारंवार स्पष्ट केले की, गीताचा विषय ती वस्तू नसून, नकळत घडणारे क्रौर्य आहे. निर्मातीचा शब्द प्रमाण मानण्याची येथे गरज नाही. रचना तेच सांगते. रोलाँ बार्थने ‘एस/झेड’ या १९७० च्या ग्रंथात कथनातील गूढसंकेताचे जे विवेचन केले आहे, त्यानुसार कोडे उभे राहते, लांबते आणि शेवटी उलगडते. जेंट्रीने हा संकेत वापरला. पण त्याची पूर्तता नाकारली. त्यामुळे श्रोत्याची उत्सुकता त्याच्याकडेच परत येते. काय फेकले, हे विचारण्यात गुंतलेला श्रोता समोर बसलेल्या, घास न घेणाऱ्या मुलीकडे पाहत नाही. तोही त्या टेबलाशीच बसलेला असतो.

नदीच्या नावाचीही दखल घेतली पाहिजे. ऑगस्ट १९५५ मध्ये मनी या गावाजवळून पळवून नेऊन मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा मृतदेह याच टॅलहॅचीत सापडला होता. गीत त्या घटनेविषयी आहे, असा दावा करण्यास संहितेत आधार नाही. परंतु जेवता जेवता मृत्यू बाजूला सारण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याच्या नदीचे ते नाव आहे. १९६७ च्या अमेरिकी श्रोत्याला ते कोरे वाटले असेल, हे संभवत नाही.

४

१९७६ मध्ये या गीतावर त्याच नावाचा चित्रपट निघाला. मॅक्स बेअर कनिष्ठ याने दिग्दर्शित केलेल्या आणि हर्मन रॉचरने लिहिलेल्या या चित्रपटाने कोडे ‘सोडवले’ : फेकलेली वस्तू ही बाहुली ठरली आणि आत्महत्येला कारण पुरवण्यात आले. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा व्यंजनेचे अभिधेत रूपांतर करण्याचा प्रकार होय. आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाला स्त्रियांच्या लावण्याची उपमा दिली आहे. ते अवयवांहून निराळे असते, पण अवयवांवाचून नसते. या गीतातील प्रतीयमान अर्थ जेवणाच्या टेबलावरील वाक्यांच्या परस्परसंबंधात आहे. तो तिथून काढून नदीच्या तळाशी ठेवला की, वस्तू मिळते आणि अर्थ जातो. चित्रपटाने उत्तर चुकीचे दिले, असे नव्हे. कोणतेही उत्तर येथे चुकलेलेच असते.

५

या एका गीताच्या सावलीत जे झाकले गेले, ते अधिक महत्त्वाचे आहे. १९६८ चा ‘द डेल्टा स्वीट’ हा तिचा दुसरा गीतसंग्रह सलग रचना म्हणून कल्पिलेला आहे. गीते एकमेकांत मिसळत जातात. बारांपैकी चार गीते इतरांची आहेत आणि तीही योजनापूर्वक बसवलेली. तुरुंगाच्या शेतावरचे, तंबाखूच्या रस्त्यावरचे पुरुषांचे दक्षिणेविषयीचे बोल आणि त्यांच्या शेजारी तिचे स्वतःचे. ‘रियुनियन’मध्ये कुटुंबातील आवाज एकमेकांवर आदळतात. ‘बिली जो’मधील टेबल येथे गजबजलेल्या, हास्यकारक रूपात परत येते. शेवटच्या ‘कोर्टयार्ड’मध्ये पुरुषाने प्रेमाने बांधून दिलेले अंगणच स्त्रीची कोठडी होते. संग्रहाला विक्रीत यश आले नाही. श्रोत्यांना पुन्हा एक कोडे हवे होते आणि तिने त्यांच्यासमोर एक प्रदेश मांडला होता. २०१९ मध्ये ‘मर्क्युरी रेव्ह’ या वाद्यवृंदाने निरनिराळ्या गायिकांकडून संपूर्ण संग्रह पुन्हा गाऊन घेतला, तेव्हा त्याच्या एकात्मतेची रीतसर दखल घेतली गेली.

‘फॅन्सी’ या शीर्षकगीताचा १९७० चा संग्रह दुसरी दिशा दाखवतो. मरणोन्मुख, दरिद्री आई शेवटच्या पैशांतून मुलीसाठी तांबडा पोशाख घेते आणि तिला शहराच्या बाजारात पाठवते. निवेदक मुलगी आता समृद्ध आहे आणि आईला दोष देण्यास ती नकार देते. जेंट्री या गीताला स्त्रीमुक्तीविषयीचे आपले सर्वांत ठाम विधान मानत असे. ‘बिली जो’मधील मुलगी बोलत नाही, ‘फॅन्सी’ बोलते आणि न्याय करू पाहणाऱ्यांना गप्प करते. दोन्ही गीतांत आई मुलीशी काय करते, हा प्रश्न समान आहे. रीबा मॅकएंटायरने १९९० मध्ये हे गीत पुन्हा गायले आणि नव्या पिढीने ते तिचेच समजले. येथे मर्यादाही नोंदवली पाहिजे. जेंट्रीच्या अनेक संग्रहांत बाजाराच्या मागणीनुसार घेतलेली परकी गीते आहेत आणि ती सर्वच तिच्या निवेदनशैलीला पेलत नाहीत. ग्लेन कॅम्पबेलबरोबरची युगुलगीते गोड आहेत. गोडव्यापलीकडे त्यांत फारसे काही नाही.

६

१९७१ चा ‘पॅचवर्क’ हा तिचा अखेरचा स्वतंत्र संग्रह. सर्व गीते तिची, निर्मितीही तिची, आणि गीतांच्या मधे वाद्यसंगीताचे सांधे. त्या काळात गायिकेने स्वतःच्या संग्रहाची निर्मिती करणे आणि तसे श्रेय मिळवणे दुर्मीळ होते. गोधडीचे शीर्षक सार्थ आहे : वेगवेगळ्या व्यक्तिरेखांचे तुकडे, आणि जोडणारा टाका दिसेल असा. संग्रहातील शेवटचे गीत ‘लुकिंग इन’. कार्यक्रम, प्रवास, शब्द जुळवण्याची सक्ती या सर्वांना कंटाळलेली गायिका त्यात हे सारे सोडून जाण्याची भाषा बोलते. निवेदक आणि लेखिका यांच्यातील अंतर येथे तिनेच कमीत कमी ठेवले आहे.

जेंट्री कुठे गेली, या प्रश्नाचा विचार या गीतावाचून होऊच शकत नाही. तिने पुढे लास व्हेगासमध्ये स्वतः रचलेले भव्य कार्यक्रम केले, १९८२ च्या एप्रिलमध्ये ती एका पुरस्कारसमारंभात दिसली आणि नंतर थांबली. या थांबण्याला ‘गूढ’ म्हणण्याची प्रथा पडली. वास्तविक, थांबण्याची शक्यता आणि तिची कारणे तिने अकरा वर्षे आधी, गीताच्या रूपात, छापील श्रेयासह प्रसिद्ध केली होती. ती ऐकली गेली नाहीत. कारण ऐकणारे अजून पुलाखाली शोधत होते.

तिचे जीवन तिच्या गीतासारखे झाले, असे सुचवण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. तेही कोडे घालण्यासारखेच होईल. बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध इंग्रजीत प्रथम १९६७ मध्येच, ‘बिली जो’च्या वर्षी, प्रसिद्ध झाला. लेखकाला बाजूस सारून वाचनाला मोकळे करण्याचा तो विचार ज्या लेखिकांना कर्तृत्वाचे श्रेयच पुरते मिळाले नव्हते, त्यांच्या बाबतीत तसाच्या तसा लागू करता येत नाही. जेंट्रीच्या बाबतीत आधी लेखिका मान्य करावी लागते : घाट ठरवणारी, निवेदक निवडणारी, कोणते वाक्य कोणत्या घासाजवळ येईल हे जाणणारी. त्यानंतर तिच्या मौनाला स्पष्टीकरणाचे कर्ज मानण्याचे कारण उरत नाही. गीतातील मौन रचनेचा भाग आहे आणि ते वाचता येते. जीवनातील मौन तिचा अधिकार आहे आणि ते वाचण्याची समीक्षेला गरज नाही. या दोहोंतील भेद सांभाळला, तर सात संग्रह वाचनासाठी शिल्लक राहतात, आणि कामाची जागा तीच आहे.