‘तेहोरीम लाअद’ : एका मोसमात न मावणारा इतिहास

माया झिन्श्टाइन या दिग्दर्शिकेचा ‘तेहोरीम लाअद’ हा माहितीपट २०१६ साली आला आणि परदेशातही गाजला. नावाचा अर्थ ‘सदैव शुद्ध’. विषय आहे बेतार यरुशलेम या फुटबॉल क्लबचा २०१२-१३ चा मोसम. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी ज्यांना फुटबॉलची गोडी नाही त्यांनी हे पान उलटू नये. नावातल्या ‘शुद्ध’ या शब्दाशी आपल्या समाजाचा जुना संबंध आहे, आणि त्या शब्दामुळेच आम्ही हा चित्रपट दोनदा पाहिला.

कथा थोडक्यात अशी. बेतारचा मालक, रशियन कोट्यधीश अर्काडी गायदामाक, याने जानेवारी २०१३ मध्ये चेचन्यातील ग्रोझनीच्या क्लबमधून दोन तरुण खेळाडू आणले : झाऊर सादायेव आणि जब्राईल कादियेव. दोघे मुसलमान. बेतार हा इस्राएलच्या मोठ्या क्लबांपैकी एकटाच असा, की ज्याने आपल्या मुख्य संघात अरब खेळाडू कधी घेतलेला नाही. दोघे येणार ही बातमी फुटताच ‘ला फामिलिया’ नावाच्या कडव्या पाठीराख्यांच्या टोळीने गॅलरीत फलक लावला, ‘बेतार सदैव शुद्ध’. पुढे फेब्रुवारीत क्लबच्या कचेरीला आग लावण्यात आली. मार्चमध्ये मक्काबी नेतान्याविरुद्ध सादायेवने गोल केला, तेव्हा आपल्याच संघाचा गोल झालेला पाहून शेकडो प्रेक्षक उठून निघून गेले. मोसमाच्या सुरुवातीला तक्त्यात बऱ्या जागी असलेला संघ घसरत घसरत अखेरच्या सामन्यापर्यंत खालच्या विभागात जाण्याच्या भीतीत राहिला. आणि तो अखेरचा सामना कोणाशी? बनेई साखनीन या अरब गावाच्या संघाशी! कोणी कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण म्हटले असते, फारच जुळवून आणले आहे.

चित्रपटाचे गुण आधी सांगतो. दिग्दर्शिकेने कोणाला उपदेश केलेला नाही. कॅमेरा ड्रेसिंग रूममध्ये, मैदानावर, मालकाच्या समोर सारख्याच शांतपणे ठेवला आहे. गोलरक्षक आणि कप्तान आरिएल हारूश याचे चित्रण सर्वांत मोलाचे. कालपर्यंत ज्याच्या नावाचा जयघोष होत होता, त्याने दोन परक्या मुलांचे साधे स्वागत केले, एवढ्यासाठी तीच गॅलरी त्याला आईबहिणीवरून शिव्या देते. त्या शिव्या ऐकतानाचा त्याचा चेहरा पाहावा. तो काही पुढारी नव्हे, विचारवंत नव्हे. शेजारच्याला पाणी द्यावे इतक्या सहजतेने वागला आणि त्याची किंमत मोजत बसला. गायदामाकही कॅमेऱ्यापुढे काही झाकत नाही. फुटबॉलवर आपले प्रेम नाही, क्लब हे आपल्याला लोकांपुढे येण्याचे साधन होते, हे तो सरळ सांगतो. २००८ साली यरुशलेमच्या महापौरपदासाठी तो उभा राहिला आणि साफ पडला, हे लक्षात घेतले की त्याचा हा मोकळेपणा कडवट लागतो.

आता तक्रार. चित्रपट एका मोसमात कोंडलेला आहे. गॅलरीत ओरडणारी माणसे कोठून आली, ती याच क्लबला का चिकटली, हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल की ही जन्मतःच दुष्ट माणसांची टोळी. या देशाच्या फुटबॉल लीगचा इतिहास थोडा जरी दाखवला असता तरी चित्र वेगळे, आणि आमच्या मते जास्त अस्वस्थ करणारे, झाले असते.

हा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तो विजेत्यांच्या यादीने. अमुक वर्षी मक्काबी तेल अवीव, तमुक वर्षी हापोएल तेल अवीव. पण यादीच्या मागे पक्ष उभे आहेत. ब्रिटिश अमदानीत १९३१-३२ साली पहिली लीग झाली, ती जिंकली ब्रिटिश पोलिसांच्या संघाने. (मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. १८९१ साली सुरू झालेला आपला रोव्हर्स कपही कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींच्याच घरी जात होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो प्रथम त्यांच्या हातून घेतला.) राज्य स्थापन झाल्यावर पहिली लीग १९४९-५० ची, विजेते मक्काबी तेल अवीव. पुढच्या वर्षी लीग नाही. १९५१-५२ साली झाली, १९५२-५३ साली पुन्हा नाही! फुटबॉल संघटना कोणाच्या ताब्यात राहावी यावर मक्काबी आणि हापोएल यांचे भांडण त्या काळात सतत चालू होते. हापोएल म्हणजे हिस्ताद्रूतचा, कामगार पक्षांचा गट. मक्काबी म्हणजे मध्यमवर्गाचा, जनरल झायोनिस्टांचा. बेतार म्हणजे झाबोतिन्स्कीच्या अनुयायांचा, पुढे हेरूत पक्षाचा. संघटनेतील खुर्च्या या गटांत वाटल्या जात, आणि जिथे खुर्च्या वाटल्या जातात तिथे खेळ मागे पडतो.

हिस्ताद्रूतच्या लाल पुस्तिकेचे महत्त्व आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. काम हवे, दवाखाना हवा, तर ती पुस्तिका हवी. गावात फुटबॉलचे मैदान आणि संघ हवा, तर बहुतेक ठिकाणी तो हापोएलचाच असे. पेताह तिकवाच्या हापोएलने १९५९ पासून १९६३ पर्यंत सलग पाच वर्षे लीग जिंकली, हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. त्या मुलांचा खेळ उत्तम होता यात शंका नाही. पण तो काळ लाल शर्टांचा होता हेही खरे.

या वाटपाच्या बाहेर होता तो बेतार. १९३६ साली स्थापन झालेला. ब्रिटिशांनी बेतार या नावावर बंदी घातली तेव्हा ‘नोर्दिया’ नावाने खेळलेला. पुढे यरुशलेमच्या वायएमसीएच्या लहानशा मैदानावर वर्षानुवर्षे खेळत राहिलेला. मोरोक्को, कुर्दिस्तान, इराक, इराण येथून आलेल्या, दारिद्र्यात राहिलेल्या, लाल पुस्तिकेवर रागावलेल्या लोकांचा हा क्लब झाला. १९७६ साली त्याने पहिला राज्य चषक जिंकला, आणि पुढल्याच वर्षी मेनाहेम बेगिन निवडून आले. यरुशलेममध्ये कित्येक लोक या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. लीगचे पहिले विजेतेपद मिळाले १९८७ साली, उरी मालमिलियानच्या काळात. बाहेर ठेवलेल्या माणसांनी आपले एक दार उभे केले, त्याची ही कथा आहे. पुढे त्याच दाराला त्यांच्यातल्या काहींनी आतून कडी घातली. ‘तेहोरीम लाअद’मध्ये कडी दिसते, दार कोणी आणि का बांधले ते दिसत नाही. दिग्दर्शिकेला पंधरा मिनिटे यासाठी सहज काढता आली असती. गॅलरीतील तेच तेच घोषणांचे प्रसंग कमी केले असते तरी पुरे होते.

दुसरी उणीव अशी की ओरडणाऱ्यांना कॅमेरा मिळाला, गप्प बसणाऱ्यांना नाही. सादायेवच्या गोलनंतर जे उठून गेले ते आपण पाहतो. जे बसून राहिले त्यांच्याजवळ जाऊन ‘तुम्ही का राहिलात?’ असे विचारायला हवे होते. शिवाय शनिवारच्या सामन्यांमुळे कधी स्टेडियममध्ये पाऊलच न टाकलेला, शाब्बाथ सुटल्यावर निकाल विचारणारा धार्मिक बेतारप्रेमी यरुशलेममध्ये घरोघरी आहे. तोही चित्रपटात नाही. आपल्या समाजातही असे लोक आहेत : संघ पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण सामना एकही पाहिलेला नाही!

जातीधर्मावर संघ बांधण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. मुंबईतील पेंटँग्युलर क्रिकेट आठवा. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. त्या उरलेल्यांत ख्रिस्ती होते आणि आपण यहुदीही होतो. विजय हजारे यांनी त्याच संघासाठी हिंदूंविरुद्ध एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या, ही गोष्ट ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकली असेल ते अजून आपल्यात आहेत. मजा होती, गर्दी होती, पण बाहेर दंगलींचे वातावरण तापू लागले तेव्हा मुंबईने १९४६ नंतर ती स्पर्धा बंद केली. ‘उरलेले’ या नावाने खेळलेल्या लोकांना ‘शुद्ध’ हा फलक वेगळाच दिसतो.

आणि इथे मूळ मुद्द्यावर येतो. १९६२ साली मुख्य रब्बी कचेरीच्या सूचना निघाल्या. त्यानुसार बेने इस्राएल मुलामुलींचे लग्न लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, त्यामागच्या पिढ्यांची चौकशी व्हायची होती. कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या लोकांना, तुम्ही शुद्ध आहात काय, असे विचारले गेले. यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. रब्बी कचेरीचा कायदेशीर वाद आणि स्टेडियममधील गुंडगिरी या एक गोष्टी नव्हेत, तशी तुलना आम्ही करीत नाही. पण ‘शुद्ध’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसला की आपल्या पिढीच्या पोटात गोळा येतो, तो या चित्रपटाच्या बहुतेक टीकाकारांना आला नसेल.

त्याच १९६४ सालच्या मे महिन्यात आशियाई चषकासाठी भारताचा संघ इस्राएलला आला होता. चुनी गोस्वामी कप्तान. इस्राएलने भारताला २-० ने हरवले आणि चषक जिंकला, भारत दुसरा आला. तेव्हा इस्राएल आशियात खेळत असे. पुढे आशियाने बाहेर काढले आणि शेवटी युरोपने घेतले. म्हणजे या देशाच्या संघालाही ‘तुम्ही आमच्यातले नव्हे’ हे ऐकावे लागले आहे. इतिहासाचा हा धागा चित्रपटात असता तर परदेशी प्रेक्षकालाही कळले असते की हा प्रश्न एका गॅलरीपुरता नाही.

लीगमध्ये दुसरे मार्गही होते, हे इथे सांगायलाच हवे. हापोएल तेल अवीवचा याफोचा खेळाडू रिफअत तुर्क १९७६ साली राष्ट्रीय संघात खेळला, पहिला अरब. १९९६-९७ मध्ये हापोएल तायिबे हा पहिला अरब क्लब वरच्या विभागात आला. साखनीनने २००४ साली राज्य चषक जिंकला. आणि ज्या गावांत आपले लोक उतरले त्यांची बाजू पाहा. बेएर शेवाच्या हापोएलने १९७५ आणि १९७६ साली तेल अवीवकरांच्या नाकावर टिच्चून दोनदा लीग जिंकली. मग चाळीस वर्षे काही नाही, आणि २०१६ पासून सलग तीन वेळा! दिमोना, अश्दोद, बेएर शेवा येथील आमच्या वाचकांना हा इतिहास बेतारच्या एका मोसमापेक्षा जवळचा वाटेल. नेगेवच्या त्या चाळीस वर्षांवर कोणी असाच नेटका चित्रपट काढला तर आम्ही पहिल्या रांगेत बसू.

चित्रपटानंतर काय झाले तेही नमूद करतो. दोन्ही चेचेन मुले तो मोसम संपताच परत गेली. डिसेंबर २०२० मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख हमद बिन खलिफा अल नाहयान यांनी बेतारचा निम्मा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, पण काही आठवड्यांत तो व्यवहार बारगळला. एक अरब शेख मालक चालतो काय, यावर गॅलरीत जी खडाजंगी झाली तिच्यावर दुसरा भाग निघू शकेल.

कचेरीच्या आगीत क्लबचे जुने चषक आणि आठवणीच्या वस्तू जळाल्या. चित्रपट त्या प्रसंगावरून लवकर पुढे जातो. आम्ही मात्र तिथे थांबलो. वायएमसीएच्या मैदानावरील दिवसांची, गरीब माणसांनी जपलेली ती ठेव होती, आणि ती जाळली ती क्लब ‘राखणाऱ्या’ लोकांनी. आपल्या मशिदींतील जुने कागद आणि फोटो ज्यांनी पेट्यांतून इथवर आणले, त्यांना त्या राखेचे मोल कोणी सांगायला नको.

चित्रपट दीड तासाहून कमी लांबीचा आहे, हिब्रू आणि रशियन भाषेत. रशियन भागाला खाली अक्षरे येतात, ती लहान आहेत, चष्मा जवळ ठेवावा. शिव्या फार आहेत आणि त्या गाळलेल्या नाहीत. नातवंडांना शेजारी बसवायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे; आम्ही बसवले, आणि १९६२ साली काय झाले होते हे त्यांनी चित्रपट थांबवून विचारले.