आज्ञार्थापुरती भाषा
रंगमंचावरील दिवे, ध्वनी व यंत्रे यांना संगणकावरून क्रमाने आज्ञा देण्यासाठी १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या 'मिडी शो कंट्रोल' या संकेतपद्धतीस 'भाषा' म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. आरंभसूचक संकेतांनंतर यंत्राचा क्रमांक येतो. हे संबोधन होय. (१२७ हा क्रमांक 'अहो मंडळी' यासारखा, सर्वांस उद्देशून!) नंतर यंत्राचा वर्ग, 'गो' किंवा 'स्टॉप' हे क्रियापद, आणि शेवटी क्यूचा क्रमांक. 'गो' सोबत तो गाळल्यास पुढचा क्यू अध्याहृत मानावयाचा. इतकी रचना सुबक खरी. तथापि मूळ पद्धतीत होकार नाही, नकारही नाही. दिवा लागलाच नाही, तरी आज्ञा देणाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. तेव्हा 'भाषा' या संज्ञेची येथे अतिव्याप्ती होते. रंगमंच-व्यवस्थापक प्रथम 'स्टँडबाय' म्हणतो, प्रत्युत्तर ऐकतो, आणि मगच 'गो' उच्चारतो. पुढे जोडलेल्या द्विपदी आज्ञांत हाच संवाद उचलला आहे: यंत्र आपण सज्ज असल्याचे सांगते, काम उरकल्याचेही कळविते. नटाच्या पायाखालचा मंच सरकत असता या उत्तराचे मोल कळते. आणि तरीही माणसांच्या सुरक्षिततेचा भार या आज्ञांवर टाकू नये, असे खुद्द मानकातच बजावले आहे.