कुरकुरीत होईपर्यंत

पाककृती वाचताना माझी नोकरीतली खोड आड येते. प्रोग्राममध्ये एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायला सांगितली, की ती कधी थांबवायची हेही सांगावं लागतं, नाहीतर यंत्र करतच बसतं. मराठी पाककृतींत हे काम ‘-पर्यंत’ करतो. तेल सुटेपर्यंत परता. तांबूस होईपर्यंत भाजा. एकतारी होईपर्यंत पाक उकळा. या अटी मला फार आवडतात. एकतारी म्हणजे काय, हे दोन बोटांत पाकाचा थेंब धरून कुणालाही तपासता येतं. त्याला ना थर्मामीटर लागतो ना घड्याळ. माझं भांडण फक्त ‘कुरकुरीत होईपर्यंत’शी आहे.

ते सुरू झालं एका सॅलडमुळे. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात ऑफिसच्या जेवणात सॅमन मासळीची कातडी घातलेलं जपानी पद्धतीचं सॅलड आलं होतं. काकडी, मुळा, पातीचा कांदा, तीळ, सोया सॉस आणि तांदळाचं व्हिनेगर, वर पापडासारखे तुकडे. घरी करून बघायचं ठरवलं. नाशिकात सॅमन मिळालाच तर गोठवलेला, महागडा आणि बऱ्याचदा कातडी काढलेला. मग रावस घेतला. आपल्याकडच्या मेन्यूंत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. सॅमनशी त्याचं काहीएक नातं नाही, कूळच वेगळं. पण कातडी दोघांनाही असते. मासळीवाल्या मावशींना म्हटलं, खवले काढा पण कातडी फेकू नका, वेगळी द्या. त्यांनी विचारलं, ‘‘मांजर पाळलंय का, दादा?’’

पहिल्या खेपेला मी आज्ञाधारकपणे कुरकुरीत होईपर्यंत तळली. चिमट्याने दाबून बघितली, मऊ. आणखी दोन मिनिटं ठेवली, तरी मऊच. आणखी ठेवली, तर काळी आणि कडू झाली. चूक माझी नव्हती, अटीची होती. कातडी तव्यावर असताना कुरकुरीत नसतेच. तिच्यात असतं मुख्यतः पाणी, चरबी आणि कोलॅजन. उष्णतेने कोलॅजनचं जिलेटिन होतं, चरबी पाझरते, पाणी वाफ होऊन जातं, पण गरम असेपर्यंत तुकडा लवतोच. कडक होतो तो खाली उतरवून गार झाल्यावर. म्हणजे ही अट ज्या क्षणी तपासायची, त्या क्षणी ती खोटीच असते. चिरोटे किंवा शंकरपाळी तळणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. पण ते तिच्या हातात असतं, छापलेल्या ओळीत नसतं.

खरी अट कानाने तपासायची असते. तेलात किंवा तव्यावर पदार्थ चरचरतो तो पाणी बाहेर पडत असतं म्हणून. चरचर मंदावली, बुडबुडे विरळ झाले, की पाणी संपत आलं. ‘चरचर थांबत येईपर्यंत तळा’ असं लिहिलं की काम भागलं. आवाजांच्या शब्दांची इतकी चैन असलेल्या भाषेत ही ओळ माझ्या तरी वाचनात आलेली नाही, याचं आश्चर्य वाटतं. जपानीत पातळ वस्तूच्या कुरकुरीसाठी ‘पारिपारि’, हलक्या तळणासाठी ‘साकुसाकु’, टणक वस्तूसाठी ‘कारिकारि’ असे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडेही कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत आहेतच. पण ते खाताना होणाऱ्या आवाजाचे. तळताना होणारा आवाज पाककृतीत मला तरी दिसलेला नाही.

आमच्या घरी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ (१९७०) आहे, तेलाच्या डागांसकट. ग्रॅमऐवजी वाट्या आणि चमचे वापरून या पुस्तकाने प्रमाणाचा प्रश्न सोडवला. नव्याने संसार मांडणाऱ्या कुणाकडे तराजू नव्हता, वाटी होती. एवढी साधी आणि एवढी मोठी गोष्ट. पण प्रमाणासाठी घरातली वाटी सापडली तशी थांबण्यासाठी घरातली चरचर आपल्या पाककृतींना सापडली नाही. त्यातून मासळीच्या पाककृतींत ‘कुरकुरीत’ म्हणजे जवळजवळ नेहमीच रवा किंवा तांदळाचं पीठ. कुरकुरी धान्याची, मासा आत मऊ. कातडी त्या रव्याखाली लपलेली, बिनकामाची.

मला हवी असलेली पायरी सापडली दुसऱ्याच पुस्तकात. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मी कॉलेजात असताना वाचलं होतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचं हे पुस्तक. त्यावर बोलताना आपण सगळे एका विशिष्ट स्वरात बोलतो: अस्वस्थ करणारं, वास्तवाचं भान देणारं वगैरे. मीही तेव्हा तसंच बोललो होतो. त्यात चान्या येतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात वाळवायच्या. पुढे लागतील तशा विस्तवावर भाजायच्या. या वेळी ते पान मी स्वयंपाकाचं पुस्तक म्हणून वाचलं आणि लाज वाटली. पाणी आधी काढा, आच नंतर दाखवा, हे तंत्र तिथे लख्ख होतं. एकदम हाती आलेलं मांस टिकवायची गरज आणि फ्रीजचा अभाव यांतून ते आलेलं आहे हे खरं, पण म्हणून ते तंत्र उरत नाही असं थोडंच आहे? ‘रुचिरा’ कृतीसाठी वाचायचं आणि पाटोळे यांना वेदनेसाठी, ही वाटणी लेखकांनी केलेली नाही, वाचकांनी केली आहे. पाटोळे यांचं पुस्तक ओट्याजवळ ठेवलेलं मी तरी कुणाकडे पाहिलं नाही. माझंही टेबलावरच्या ‘महत्त्वाच्या’ पुस्तकांत होतं.

दुसऱ्या खेपेला कातडीच्या आतलं मांस सुरीने खरवडलं, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवली, सुटलेलं पाणी फडक्याने टिपलं आणि तासभर फ्रीजमध्ये उघडी वाळवली. मग थंड तव्यावर घालून वर जड पातेलं ठेवलं, नाहीतर ती आकसून वळते. मध्यम आच. चरचर विरत आली तशी उतरवली, मऊ असतानाच. पाच मिनिटांनी मोडली तर कट्कन तुटली.

सॅलड जमवणं तर सोपंच, कारण ती कोशिंबीर आहे. काकडी चिरून मीठ लावून पिळायची, हे जपानीही करतात आणि आपणही. कुरकुरीत मासळी कच्च्या भाजीवर घालायची हेही गोव्याला शिकवायला नको. किसमूर म्हणजे वेगळं काय असतं? भाजलेला सुका जवळा, कांदा, ओलं खोबरं, मिरची, थोडी चिंच. आणि कालवायची ताटं मांडल्यावरच, कारण दहा मिनिटांत जवळा मऊ पडतो. कातडीही तशीच, शेवटी. माझ्या आजीला किसमूर हा शब्द माहीत नव्हता, पण बुधवारच्या बाजारातून आणलेले बोंबील ती तव्यावर भाजून कांद्यात कुस्करायची. फ्लॅटमध्ये आल्यावर आईने ते बंद केलं. सोसायटीत वासाची तक्रार झाली होती.

आईने सॅलड खाल्लं. सोया सॉस बाजूला सारला, लिंबू पिळलं आणि म्हणाली, बोंबलासारखं लागतंय, पण वास कमी आहे. ती ते तारीफ म्हणून म्हणाली.

मावशी आता रावसाची कातडी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात. पैसे अजून घेत नाहीत.