चौकट आणि चित्र

रामपंचायतनाची तसबीर जुन्या चौकटीत बसेना, म्हणून कात्री घेऊन भरत-शत्रुघ्नांस कापून टाकणारा गृहस्थ वाचकांपैकी कोणी पाहिला असेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु चित्रपटांच्या बाबतीत हाच उद्योग आपल्याकडे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला होता, आणि त्यास ‘फुल स्क्रीन’ असे गोंडस नाव होते. डीव्हीडीच्या वेष्टनावर हे दोन शब्द एखाद्या प्रशस्तिपत्राप्रमाणे ठळक छापलेले असत.

आम्ही वसईस राहतो. येथून चर्चगेटकडील चित्रगृहांस जावयाचे म्हणजे गाडीतच तास-सव्वा तास मोडतो. तेव्हा आवडते चित्रपट घरी, आपल्या मालकीचे असावेत, ही हौस आम्हांस डीव्हीडी आल्यापासून जडली. त्या हौसेपायीच गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ची एक प्रत आम्ही विकत घेतली. 1959 साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. 1944 साली पुण्याच्या प्रभात कंपनीत उमेदवारीस लागलेल्या या कलावंताने पंधरा वर्षांनी एवढा रुंद पडदा हाती घेतला, तो डामडौलासाठी नव्हे. लढाया, मिरवणुका, सैन्यांची गर्दी यांसाठीच इतरत्र त्या पडद्याचा उपयोग होत असता गुरुदत्तांनी तो एकाकीपणासाठी वापरला.

त्यातील गीता दत्त यांनी गायिलेल्या गीताचा प्रसंग रसिकांस आठवत असेलच. ओस पडलेला चित्रपटाचा स्टुडिओ. एका अंगास सुरेश, दुसऱ्या अंगास शांती. आणि मधल्या काळोखात वरून उतरलेला प्रकाशाचा झोत. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून साधला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दोघे जागचे हलत नाहीत. त्यांची मने तेवढी देहांतून निघून त्या झोतात एकमेकांस भेटावयास जातात. या प्रसंगाचा सारा अर्थ त्या दोघांमधील अंतरात आहे. ते अंतर हेच तेथील तिसरे पात्र, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या तबकडीवर हे तिसरे पात्र नव्हतेच. प्रथम वहीदा रहमान दिसत, मग चित्र एका बाजूस सरके, मग गुरुदत्त दिसत. दिग्दर्शकाने कॅमेरा हलविला नव्हता. तो कोण्या अज्ञात कारागिराने आपल्या यंत्रावर बसून पुढे हलविला होता. विरहाचा प्रसंग दोन माणसांच्या पाळीपाळीने काढलेल्या छायाचित्रांचा झाला. भाईंदरची खाडी गाडीच्या दारात उभे राहून पाहणे निराळे, आणि दोन उतारूंच्या खांद्यांमधून पाहणे निराळे!

हिशेब अगदी साधा आहे. सिनेमास्कोपच्या चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे 2.35 पट, जुन्या दूरचित्रवाणी संचाची 1.33 पट. असे चित्र त्या काचेवर काठोकाठ भरावयाचे, तर त्याचा शेकडा 43 भाग फेकून द्यावा लागतो. उलट पूर्ण चित्र दाखवावयाचे, तर वरखाली काळ्या पट्ट्या येऊन काचेचा शेकडा 43 भाग रिकामा राहतो. आकडा एकच आहे. नुकसान कोणाचे करावयाचे, काचेचे की चित्राचे, एवढाच प्रश्न. काच आमची आहे, आम्ही ती रिकामी ठेवू शकतो. चित्र दुसऱ्याचे आहे.

आमच्या घरातील मंडळींस हा युक्तिवाद कधीच पटला नाही. “एवढे पैसे मोजून संच घेतला, आणि निम्मा काळाच?” हा त्यांचा सवाल. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तर संच बिघडला असे समजून दुरुस्तीवाल्याचे नाव सुचविले. त्यांस हसण्याचे कारण नाही. लहान संचावर पट्ट्यांमधील माणसे खरोखरच मुंग्यांएवढी दिसत, हे आम्हीही कबूल करतो. पण ओवीचे साडेतीन चरण पानाच्या रुंदीत मावत नाहीत, म्हणून शेवटचा अर्धा चरण गाळून कोणी ज्ञानेश्वरी छापली असती, तर ती याच मंडळींनी घरात घेतली असती काय? अक्षर बारीक झाले असते तर चष्मा लावून वाचली असती. वुडी ॲलन या अमेरिकन दिग्दर्शकाने आपला ‘मॅनहॅटन’ (1979) घरगुती व्हिडिओवर काळ्या पट्ट्यांसहच निघावा असा आग्रह धरला व तो तडीस नेला. असा आग्रह आपल्याकडे फारसा कोणी धरला नाही, आणि प्रेक्षकांनीही तो मागितला नाही.

मात्र रुंद ते अस्सल व चौकोनी ते भ्रष्ट, असा सरसकट नियम करणाऱ्यांची येथे फसगत होते. ‘शोले’चेच (1975) उदाहरण घ्या. त्याचे चित्रण साध्या 35 मिलिमीटरच्या फितीवर चौकोनी चौकटीत झाले, आणि मागाहून त्यावरून 70 मिलिमीटरच्या रुंद प्रती काढण्यात आल्या. म्हणजे तेथे रुंद पडद्यासाठी वरचे आकाश व खालची जमीनच कापावी लागली! अशा चित्राच्या चौकोनी प्रतीत चित्र कमी नव्हे, उलट अधिक असू शकते. तरीही आम्ही रुंदच प्रत घेऊ; कारण रामगढचे ते खडकाळ माळरान मोठ्या पडद्यावर कसे दिसावे, हे रमेश सिप्पी व छायालेखक द्वारका दिवेचा यांनी आधीच योजिले होते. चित्र किती मिळते, यापेक्षा कर्त्याने ते कोठे तोडले, हे आम्ही पाहतो.

आता काळ पालटला आहे. चौकोनी संच भंगारात गेले, घरोघरी 16:9 चे रुंद संच भिंतीवर चढले, आणि जुन्या भांडणाने कूस बदलली. 1936 च्या दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकारामा’चे चित्र उंचीच्या अवघे 1.37 पट रुंद. ते नव्या काचेवर पूर्ण दाखविले, तर डावी-उजवीकडे मिळून शेकडा सुमारे 23 भाग काळा राहतो. पण रिकाम्या काचेची आपली भीती जात नाही. कोणी वरखाली कापून काच भरतो, तर कोणी चित्रच आडवे ताणतो. मागे एका परिचितांच्या घरी आम्ही हा चित्रपट पाहिला, तेव्हा विष्णुपंत पागनीस यांचा तो कृश, आत्ममग्न तुकोबा चांगला गरगरीत झालेला होता! ज्याच्या घरात अन्नाचा दाणा नाही, म्हणून जिजाई आकांत करते आहे, तो इतका सुखवस्तू दिसू लागला, की जिजाईचे बोलणे खोटे वाटावे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेल्या चित्रपटाची ही दशा एका कळीने होते, आणि एका कळीने दूरही होते.

ती कळ आम्ही यजमानांच्या अनुमतीने दाबली. तुकोबा पुनश्च कृश झाले, दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या आल्या. पाच मिनिटे गेली असतील नसतील, तोच स्वयंपाकघरातून आलेल्या यजमानीणबाईंनी विचारले, “हे मघाशी नीट दिसत होते, कोणी बिघडवले?”