भाडं कोण देतं?

सकाळी यात्रेत एक चक्कर मारून आलो. मारवाडातून, काठियावाडातून, पार पंजाबातून घोडे आलेत. एका घोडेवाल्याला विचारलं, एवढ्या लांबून आणलंत, ट्रकचं भाडं कोण देतं? तो म्हणाला, घोडाच देतो की! (हशा) म्हणजे घोडा विकला की भाडं निघतं. सारंगखेड्याचा हिशोब सरळ आहे.

आता व्हेनिसकडे चला. 1895 पासून तिथं बिएनाले भरतं, अलीकडे ऐंशीच्या वर देश येतात. तीही एक यात्राच. पण 1968 च्या आंदोलनानंतर बिएनालेनं आपलं विक्रीचं खातं बंद केलं. माल मांडायचा, पण तिथल्या तिथं विकायचा नाही. मग भाडं कोण देतं? हा प्रश्न कारकुनी वाटेल, पण माझ्या मते तो समीक्षेचाच आहे. पैसे देणारा फक्त तिकीट काढत नाही. चित्राशेजारी जी पाटी लागते, तिच्यावरचा मजकूरही बरेचदा तोच ठरवतो.

जपानचं बघा. 1952 मध्ये त्यांनी व्हेनिसमध्ये अधिकृत सहभाग सुरू केला आणि 1956 मध्ये तिथं स्वतःची इमारत उभी केली. वास्तुशिल्पी ताकामासा योशिझाका. पैसा मुख्यतः ब्रिजस्टोन टायरवाले शोजिरो इशिबाशी यांचा. 1972 मध्ये जपान फाउंडेशन स्थापन झालं, पुढं दालनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे आली. आपण कधी गेलो? सरकारी दालन घेऊन पहिल्यांदा 2011 मध्ये. ललित कला अकादमीनं पाठवलं, मुंबईचे रणजित होस्कोटे संयोजक होते. त्यानंतर थेट 2019, तेही किरण नाडर संग्रहालयाच्या साथीनं. मधली आठ वर्षं काय झालं? काही नाही. एका वर्षी पाऊस पडला म्हणून शेती पिकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण जपानचं खरं शहाणपण मला इमारतीत दिसत नाही. त्याच 1956 साली त्यांनी शिको मुनाकाताची ठसाचित्रं मांडली. आओमोरीच्या लोहाराचा मुलगा, नजर इतकी अधू की फळीला नाक टेकवून कोरायचा. लोककलेच्या चळवळीनं त्याला जवळ केलं होतं. असा माणूस आपल्याकडे असता तर हस्तकला खात्याच्या स्टॉलवर बसला असता. जपाननं त्याला चित्रकार म्हणून नेलं आणि ठसाचित्रांचं मोठं पारितोषिक त्यानं मिळवलं.

आता आपले जिव्या सोमा म्हसे. डहाणू तालुक्यातलं गंजाड. भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले. हेच कुलकर्णी आधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेत कागद वाटून आले होते. एका मराठी माणसाची ही केवढी कामगिरी, आणि आपण त्याचं नाव किती वेळा घेतो? असो. म्हशांचं 1975 मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र आठवा. बारीक पांढऱ्या रेघांनी सगळा कागद व्यापून टाकलाय, माणूस त्यात इवलासा, आणि तरी ते जाळं वाऱ्यावर हललंय असं वाटतं. ही नुसती सजावट नाही हो. किती रेघ ओढायची आणि कुठं थांबायचं याचा तो पक्का निर्णय आहे.

1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं ते काम मांडलं, 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयानं रिचर्ड लाँगच्या शेजारी. दोन्ही वेळा यजमान परके. आणि पॅरिसच्या प्रदर्शनाचं नाव काय? ‘पृथ्वीचे जादूगार’. घर ज्याचं, नाव त्यानं ठेवलेलं. ‘जादूगार’ म्हटलं की त्या रेघेमागचा विचार बघायची गरजच उरत नाही.

तरी मी यजमानांना सरसकट दोष देत नाही. निगाता प्रांतात तोकामाची नावाचं बर्फाळ गाव आहे. तिथं बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत 1982 पासून मिथिला संग्रहालय आहे. मिथिला, वारली, गोंड चित्रं इतक्या मायेनं सांभाळणारी जागा आपल्याकडे शोधावी लागेल. आणि तिथंच 2001 मध्ये गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यानं आत्महत्या केली. भारत भवनानं जगापुढे आणलेला, म्हशांबरोबर पॅरिसच्या प्रदर्शनात असलेला हा माणूस. मुक्काम लांबला होता, घरी परतायची ओढ होती, असं पुढं छापून आलं. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. पण परदेशी जाणाऱ्या कलावंताच्या कागदात काही गोष्टी त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या हव्यात: परतीची तारीख, ती बदलायचा हक्क कुणाचा, मागं घरच्यांचा खर्च कोण चालवणार. आपली अनुदानं तिकिटाचा हिशोब मागतात, या गोष्टी विचारत नाहीत.

एक शेवटची गोष्ट. सातपुडा चढून नर्मदा ओलांडली की अलिराजपूरच्या बाजूला भिंतीवर घोडे लागतात, पिठोऱ्याचे. तिथं नवस बोललेल्या घरधन्याच्या अंगावर सगळा खर्च असतो. लिहिणाऱ्याचं मानधन, बोकड, पंगत, सगळं तोच करतो. काम पुरं झालं की बडवा सगळ्यांदेखत ते चित्र वाचतो, काही राहिलं असेल तर भरून घेतो. म्हणजे पैसा, पारख आणि उपयोग एकाच अंगणात. उद्या तो पिठोरा व्हेनिसला न्यायचा ठरला, तर घरधनी कोण आणि बडवा कोण, हे ठरवायला दिल्लीतल्या समितीनं आधी त्या अंगणात येऊन बसावं. पंगत असतेच. (हशा)